श्रीयुत ढोणे यांचे पाकीट

“मुळेसर कोण?”

वर्गाच्या दारात हवालदार उभा होता. मी खडू खाली ठेवला आणि हात वर केला. वर्गात शिकवणारा मी एकटाच होतो, तरी हात वर केला.

“फौजदारसाहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता.”

“का हो? काय झालं?”

“ते साहेब सांगतील. पुस्तकं संगं घ्या म्हणाले.”

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “सर, भिऊ नका, जामिनाला आम्ही येतो!” आणि सगळा वर्ग हसायला लागला. हवालदारही हसला. त्यांचं नाव तुपे. बोरगव्हाणच्या बाजारपेठेतून तुपे पुढे आणि दोन जाड पुस्तकं छातीशी धरून मी मागे, अशी आमची वरात निघाली. प्रत्येक दुकानातून एकेक मान बाहेर येत होती.

मी तेव्हा बोरगव्हाणच्या कॉलेजात नवा होतो. समाजशास्त्र शिकवायचो. शहरात असताना गुन्हे का घडतात यावर बरंच वाचलं होतं, त्यावर जिल्ह्याच्या पेपरात माझा एक लेखही आला होता. गावात तो एकाच माणसानं वाचला, आणि ते फौजदार इंगवले निघाले.

“बसा,” इंगवले म्हणाले. “गुन्ह्याचं कारण शोधायला शास्त्र लागतं, असं तुम्ही लिहिलंय. मला लागत नाही. पण बाजार समितीच्या सभापतींना लेखी अहवाल पाहिजे, आणि त्यावर शिकलेल्या माणसाची सही पाहिजे. गुरुवारच्या बाजारात माइकवर बोलते ती पोरगी ठाऊक आहे?”

ठाऊक होती. म्हणजे आवाज ठाऊक होता. गुरुवारी दुपारी माझा तास असायचा आणि बाजारतळावरचा कर्णा कॉलेजच्या खिडकीतून थेट वर्गात यायचा. “खिसे सांभाळा, पिशव्या सांभाळा, लेकरांचे हात सोडू नका.” त्या वेळी मी मुलांना काहीतरी लिहायला द्यायचो आणि खिडकीशी जाऊन उभा राहायचो. मुलांना वाटायचं, सर विचार करतायत.

“इंदुमती पोरे,” इंगवले म्हणाले. “बापाचा लाउडस्पीकरचा धंदा. बापाचा घसा बसला तो बसलाच, म्हणून दिवाळीत माइक हिनं हातात घेतला. आणि दिवाळीपासून पाकीटमारीच्या तक्रारी कुठल्या कुठं पोचल्या बघा. ती आली, चोऱ्या वाढल्या. यात आणखी काय शोधायचं?”

“कसं होतं माहितीये का सर,” तुपे दारातून म्हणाले, “ती म्हणती, खिसे सांभाळा. की सगळ्यांचे हात जातेत खिशाकडं. ज्याचं पाकीट जिथं, त्याचा हात तिथं. चोराला आयतं कळतं! ती पोरगी सामील हाय त्यांना.”

मला कबूल करावं लागलं की तर्क चांगला होता. पुस्तकात घालावा असा होता.

“गुढीपाडव्यानंतर समितीची बैठक आहे,” इंगवले म्हणाले. “सामील असेल तर तिच्यावर खटला भरतो. नसेल तर माइक काढून दुसऱ्याला देतो. काय लिहायचं तेवढं सांगा.”

म्हणजे एक बाजू आली तर तुरुंग, दुसरी आली तर उपासमार. बापलेकीचं पोट त्या एका माइकवर होतं. मी फार हळू म्हणालो, “पण साहेब, दिवाळीत आणखीही काही झालं असेल. सुगी होते. लोकांच्या खिशात चार पैसे असतात.”

“आणखी?”

“गर्दी वाढते.”

“आणखी?”

“आणखी… आपणसुद्धा दिवाळीतच बदलून आलात.”

तुपे भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचायला लागले.

“म्हणजे पाकिटं मी मारतो?”

“नाही, नाही! तेच तर म्हणतोय मी! एकामागून दुसरं आलं म्हणून पहिल्यामुळेच दुसरं झालं असं नसतं. तिला लावायचं ते माप तुम्हालाही लागू पडतं, एवढंच.”

हे मी कसं बोललो, मला अजून समजत नाही. इंगवल्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, “पाडव्यापर्यंत वेळ देतो. शोधा.”

पुढच्या गुरुवारी मी बाजारात गेलो. कडुलिंबाखाली पोलिसांची राहुटी होती, तिला लागून टेबल, टेबलावर माइक आणि माइकपाशी इंदुमती. खिडकीतून नुसता आवाज ऐकत होतो तोवर ठीक होतं. आता आवाजाला चेहरा आला, आणि मला पुस्तक उलटं धरल्याचंही कळेना.

“तुम्हीच का ते सर? माझी चौकशी करणारे?” तिनं माइक बंद करून विचारलं.

“चौकशी नाही. अभ्यास.”

“अभ्यासात नापास झाले तर मला जेलात घालतात की तुम्हाला?”

मी पुस्तक सरळ केलं. शेजारच्या स्टुलावर तिचे वडील बसले होते. त्यांना बोलता येत नव्हतं, पण खांदे हलवून हसता येत होतं.

एवढ्यात राहुटीत एक गडी आला. नवा पटका, मिशीला तेल. “पाकीट गेलं,” तो तुप्यांना म्हणाला.

“कसलं?”

“पाकीटच. लिवा. श्रीयुत बाबू रखमाजी ढोणे, मुक्काम शेंदूरवाडी.”

“अरे, पाकीट कातड्याचं का कापडाचं? आत काय होतं?”

“ते लिवा काय बी. नाव नीट लिवा. रखमाजी. रखमा न्हवं, रखमाजी.”

तुप्यांनी चिठ्ठी इंदुमतीकडे दिली. तिनं माइक चालू केला, आणि बाजारभर तो आवाज पसरला: “लक्ष द्या. शेंदूरवाडीचे श्रीयुत बाबू रखमाजी ढोणे यांचे पाकीट हरवले आहे. सापडल्यास राहुटीत आणून द्यावे. श्रीयुत बाबू रखमाजी ढोणे, शेंदूरवाडी.”

ढोणे कर्ण्याच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला होता. देवळात घंटा वाजल्यावर माणूस उभा राहतो तसा, मान जरा वर करून. बाजूला त्याची बायको होती. ती पदरात तोंड घालून हसत होती. नाव दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यानं आजूबाजूला कोणकोण ऐकतंय ते पाहून घेतलं. मग दोघं कासाराच्या पालाकडे गेले. मी मागे गेलो. बायकोनं बांगड्या भरल्या. ढोण्यानं कोपरीच्या खिशात हात घातला आणि पाकीट काढलं.

मी खाकरलो. “सापडलं वाटतं?”

“काय?”

“पाकीट.”

“कंचं?” तो म्हणाला. मग हातातल्या पाकिटाकडे पाहून विरघळलाच. “सर, तुमच्या पाया पडतो, बोलू नगा कुणाला. तिनं श्रीयुत म्हनलं मला. सासरा हितंच हाय बाजारात. लगीन झाल्यापास्नं बाब्या म्हनतोय. आज त्यानं ऐकलं!”

मी बाजारातून अक्षरशः पळत आलो. आयुष्यात इतका आनंद मला पुस्तकातून झाला नव्हता. चोऱ्या वाढल्याच नव्हत्या! आपण मोजत होतो तक्रारी, आणि समजत होतो की चोऱ्या मोजतोय. बापाच्या वेळी नावं वाचत नसत. नुसतं “पाकीट हरवल्यास पोलिसांना भेटावे” एवढंच. नावं वाचायला सुरुवात इंदुमतीनं केली होती.

पण रात्री अंथरुणावर पडलो आणि नेहमीप्रमाणे शंका आल्या. एका ढोण्यावरून अख्ख्या बाजाराची परीक्षा कशी करणार? आणि मला तसंच दिसावं अशी इच्छा आहे म्हणून तर तसं दिसलं नसेल?

सकाळी मी इंगवल्यांना ढोण्याची हकीकत आणि माझी योजना सांगितली. दर गुरुवारी बाजार भरायच्या आधी मी नाणं उडवायचं. छापा पडला तर त्या दिवशी नावं वाचायची. काटा पडला तर नुसतं म्हणायचं, एक पाकीट हरवलं आहे, नाव नाही, गाव नाही. “खिसे सांभाळा” मात्र दोन्ही दिवशी सारखंच. तुप्यांचं खरं असेल तर दोन्ही दिवशी तक्रारी सारख्याच येतील, कारण हात खिशाकडे दोन्ही दिवशी जाणार. माझं खरं असेल तर काट्याच्या दिवशी तक्रारी कमी येतील.

“नाणं कशाला? एक आड एक करा की.”

“एक आड एक केलं तर अमावास्येचा, पगाराचा बाजार एकाच बाजूला पडायचा. आणि मी ठरवलं तर मी माझ्या सोयीनं ठरवीन. नाण्याला सोय नसते.”

“ढोण्याला धरून आणू? चौदावं रत्न दाखवलं की पाच मिनिटांत सांगेल.”

“मारलं तर तो आपल्याला हवं तेच सांगेल साहेब. मग ते खरं आहे की नाही हे पुन्हा शोधावं लागेल.”

इंगवल्यांनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले.

पहिल्या गुरुवारी छापा पडला. राहुटीपुढे रांग. एकाचं पाकीट, एकाची पिशवी, एकाचं “काय गेलं ते आठवत न्हाई, पण गेलंय”. पुढच्या गुरुवारी काटा. इंदुमती हिरमुसली.

“सर, परत उडवा की.”

“परत उडवलं तर मग ते नाणं राहत नाही. माझी इच्छा होते.”

“मग तुमची काय इच्छा आहे?”

मी पुस्तक उघडलं. तिचे वडील खांदे हलवत होते.

त्या दिवशी तीनच माणसं आली. एक म्हातारी होती, कनवटीची पुरचुंडी कापली गेली होती. तिनं नाव कसं लिहिता हे पाहिलंसुद्धा नाही; “कुणीकडं गेला मेला” म्हणून चोराच्या दिशेनं धावायलाच निघाली. रांग नसल्यामुळे तुपे मोकळे होते, तेही धावले, आणि दोघांनी मिळून चोर धरला. तुपे त्याची कॉलर धरून परतले तेव्हा वराच्या घोड्यासारखे चालत होते. “सर, वर्षातला पयला!” ते म्हणाले. “एरवी श्रीयुतांची नावं लिहिण्यात येळ जातोय सगळा.”

असे गुरुवार जात राहिले. बोलायचं मला जमत नव्हतं. म्हणून मी तिच्यासाठी बाजारातून ज्येष्ठमध घ्यायचो आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचो. घसा वडिलांसारखा बसू नये म्हणून. मग भीती वाटली की ज्येष्ठमधानं आवाज गोड होऊन प्रयोगात फरक पडेल. तेव्हापासून छापा असो की काटा, दर गुरुवारी मी तेवढीच कांडी ठेवायला लागलो. हे मी तिला समजावून सांगितलं. ती माइक चालूच आहे हे विसरून इतकी हसली की बाजारभर ते हसू ऐकू गेलं, आणि भाजीवाल्यांनी विनाकारण भाव उतरवले. निदान मला तसं वाटलं. तेही सिद्ध करता येणार नाही.

“सर,” एकदा ती म्हणाली, “तुमचं काहीच कधी हरवत नाही का?”

“नाही. का?”

“नाही, नाव वाचलं असतं. श्रीयुत लावून.”

पाडवा झाला आणि मी अहवाल घेऊन इंगवल्यांपुढे उभा राहिलो. इंदुमतीलाही त्यांनी बोलावलं होतं. ती दाराशी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. छाप्याच्या दिवशी रांगा, काट्याच्या दिवशी दोन-तीन. एकही गुरुवार उलटा गेला नव्हता. मी वाचून दाखवलं. माझा आवाज आनंदानं चिरकत होता.

इंगवल्यांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे ती नावं वाचते म्हणून तक्रारी येतात.”

“होय!”

“म्हणजे कारण तीच.”

इतके आठवडे मी एकेक वीट रचून त्या मुलीभोवतीच भिंत बांधली होती.

“तक्रारींचं कारण, साहेब,” मी कसाबसा म्हणालो. “चोऱ्यांचं नाही. ती सामील नाही.”

“नसू दे. जिल्ह्याचे साहेब चोऱ्या विचारत नाहीत, तक्रारींचा आकडा विचारतात. शिव्या मला बसतात. माइक दुसऱ्याकडे द्यावा लागणार.”

पुस्तकात याच्या पुढचं पान नव्हतं. मी इंदुमतीकडे पाहिलं. तिनं पदर सोडला होता.

“साहेब, मी बोलू?” ती म्हणाली. “लोकांना चोरी नको आहे, नाव पाहिजे. आठवडाभर अरे-तुरे, इकडं ये, तिकडं सरक. इथं एकदा कोणी श्रीयुत म्हणतं. त्यासाठी बिचारे खोटं बोलतात. मग खरं बोलून नाव मिळालं तर? कुणाला नातू झाला, कुणाची पोरगी पास झाली, कुणाची म्हैस दूध जास्त द्यायला लागली. या, सांगा, मी वाचते. चोरीचं मात्र नाव न घेता सांगते. राहुटीत फक्त खरे येतील.”

“आणि आले नाहीत तर?” इंगवले म्हणाले.

“तर सरांना नाणं उडवायला सांगा,” ती म्हणाली.

तुपे मोठ्यानं हसले. इंगवल्यांनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. “करून बघू,” ते म्हणाले. मग तुप्यांना बाहेर पाठवून, आवाज उतरवून: “आमच्या थोरल्याला मॅट्रिकला पहिला वर्ग मिळाला होता गेल्या वर्षी. जुनं चालतं का?”

“चालतं की,” इंदुमती म्हणाली. “पूर्ण नाव लिहून द्या. फौजदार आधी लावू की श्रीयुत?”

“दोन्ही लाव,” इंगवले म्हणाले.

तो गुरुवार मी विसरणार नाही. सकाळपासून टेबलापुढे झुंबड. नातू, पास झालेल्या पोरी, नवी विहीर, सासरहून आलेली लेक. ढोणे सासऱ्यालाच घेऊन आला. “ह्यांचं वाचा ताई, ह्यांनी दारू सोडली.” सासऱ्यानं नाव ऐकलं, पटका सारखा केला आणि जावयाला सगळ्यांदेखत “बाबुराव” म्हणाला. बाबुरावांचे डोळे भरून आले. पोलिसांच्या राहुटीत दोन तक्रारी, दोन्ही खऱ्या. इंगवले आत होते आणि तुपे बाहेर खुर्ची टाकून बसले होते.

दुपारी जरा सामसूम झाली. मी ज्येष्ठमधाची कांडी टेबलावर ठेवली आणि घुटमळलो.

“आता त्या नाण्याचं काय काम सर?” तिनं विचारलं.

“काही नाही.” ते माझ्या हातात होतं. दर गुरुवारी सवयीनं असायचंच.

“तुम्हाला काहीतरी विचारायचंय.”

“कुणी सांगितलं?”

“पौषापासून विचारायचंय तुम्हाला. दर गुरुवारी तोंड उघडता आणि पुस्तक उघडता.”

तिचे वडील एकाएकी उठून वायरी तपासायला लागले. त्या अगदी नीट होत्या.

“मला धीर होत नाही,” मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं वाक्य मी बोललो नसेन.

“मग उडवा. छापा पडला तर विचारा. काटा पडला तर पुढच्या गुरुवारी.”

मी नाणं उडवलं. ते फार उंच गेलं, कडुलिंबाच्या पानांतून उन्हात चमकलं आणि गिरक्या घेत खाली यायला लागलं. मी ओंजळ पुढे केली. पण त्याआधीच इंदुमती अर्धवट उठली, हवेतच तिनं ते झेललं आणि मूठ मिटली.

“दाखव की!” मी म्हणालो. ‘तू’ कधी झाली, मला कळलं नाही.

तिनं मान हलवली. त्या मुठीत छापा होता की काटा, हे तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. दर पाडव्याला विचारतो. माझ्याशी लग्न का केलंस, हेही विचारतो. ज्येष्ठमधामुळे, नाण्यामुळे, की मी तिच्या बाजूनं उभा राहिलो म्हणून? ती म्हणते, दुसऱ्यांदा करून बघा, मग कळेल. मी म्हणतो, एकदाच घडलेल्या गोष्टीचं कारण शास्त्राला सांगता येत नाही. ती म्हणते, मग गप्प बसा आणि चहा प्या.

तर तिनं मूठ तशीच मिटून ठेवली आणि दुसऱ्या हातानं माइक चालू केला.

“लक्ष द्या,” कर्ण्यातून आवाज आला. भाजीवाले, कासार, बैलांचे दलाल, सगळ्यांनी माना वर केल्या. “कॉलेजचे श्रीयुत प्राध्यापक गंगाधर विश्वनाथ मुळे यांचे एक नाणे सापडले आहे.”

माझ्या वडिलांचं नाव तिला माहीत होतं! अहवालावरच्या सहीतून घेतलं असणार.

“त्यांनी येत्या रविवारी घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन पोरे यांच्या घरी यावे आणि ओळख पटवून घेऊन जावे. श्रीयुत प्राध्यापक गंगाधर विश्वनाथ मुळे.”

मग कुठूनतरी ढोण्याची शिट्टी आली आणि नुसता गलका उसळला. मला काय करावं सुचेना. नाणं तर तिच्या मुठीत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी माझा हात आपोआप वर गेला आणि शर्टाचा डावा खिसा चाचपायला लागला.

तुपे खुर्चीवरून ताडकन उठले.

“साहेब!” ते राहुटीकडे तोंड करून बोंबलले. “साहेब, भाइर या! म्हनलं न्हवतं मी? ती बोलली की हात खिशाकडं जातो!”